तुम्हाला दिसलं होतं ना? एका कृष्णधवल पोर्ट्रेटचं प्रकरण

गणेश चवथीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात मला एक मेसेज आला. एकच ओळ. "सर, तुम्हाला दिसलं होतं ना?"

पाठवणारी मुलगी गोव्यातल्या मार्दोळची. फार्मसी शिकते. फोंड्यात आम्ही आठ-दहा जण महिन्यातून दोन रविवार एका मित्राच्या दुकानावरच्या खोलीत जमतो आणि एकमेकांचे फोटो बघतो. त्यात मी वयाने सगळ्यांत मोठा. आधी स्टुडिओत काम केलं, मग बरीच वर्षं एका मराठी दैनिकात फोटोग्राफर होतो. त्यामुळे मंडळी मला सर म्हणतात आणि माझ्या मताला वजन देतात. हे वजन या प्रकरणात महत्त्वाचं आहे, म्हणून आधीच सांगितलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं होतं. तिने पोर्ट्रेट दाखवलं तेव्हा त्यातला दोष मला दिसला होता आणि मी तो सांगितला नव्हता. पुढे जे झालं ते तिच्या आणि तिच्या आजीच्या परवानगीने लिहितोय. नावं कुणाचीच देत नाही.

पहिला फोटो

आजी महालसेच्या देवळाजवळ जायांच्या माळा विकते. मार्दोळची जाई गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्याच्या दिवसांत म्हापशा-मडगावचा माणूससुद्धा देवळावरून घरी जाताना एक फाती, म्हणजे जायांची माळ, घेऊन जातो. घराच्या पडवीत बसून आजी केळीच्या सोपटातून काढलेल्या दोऱ्यात कळ्या गुंफते. फोटो याच कामाचा होता. खाली टोपलीभर पांढऱ्या कळ्या, पुढे आलेले दोन हात, बोटांत ताणलेला दोरा, आणि मागे आजीचा खाली वळलेला चेहरा. पार्श्वभूमी जवळजवळ काळी.

पहिल्यांदा बघताना फोटो अंगावर येतो, यात शंका नाही. काळ्यातून उसळलेली पांढरी फुलं, बोटांच्या पेरांवरची एकेक रेघ, चेहऱ्यावर कोरल्यासारख्या सुरकुत्या. खोलीत सगळ्यांनी मान डोलावली. एक जण म्हणाला, "काय डेप्थ आहे!" दुसरा म्हणाला, "मासिकात छापल्यासारखा." मुलगी गप्प बसली होती, पण तिचे कान लाल झाले होते. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, खरं सांगा हं."

मी म्हणालो, "छान आहे. कॉन्ट्रास्ट जरा कमी करून बघ."

एवढंच. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. चेहरा दुभंगलाय असं वाटत होतं. नाकाच्या मधून एक सीमा गेली होती, डावा गाल एका माणसाचा आणि उजवा दुसऱ्याचा. नाक मोठं आणि फुगीर. सुरकुत्या वयाच्या वाटत नव्हत्या, संगणकाने ओढलेल्या वाटत होत्या. आजीला मी देवळाजवळ कितीदा पाहिलंय. फोटोतली बाई तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी म्हातारी होती.

मग बोललो का नाही? मुलगी नवी होती, तिसऱ्यांदाच आली होती, बाकीचे स्तुती करत होते, दुपारचे साडेबारा झाले होते. ही सगळी कारणं खरी आहेत, पण दुय्यम. मुख्य कारण मला नंतर, त्या मेसेजनंतर उमगलं. तो तिच्या आजीचा फोटो होता. "चेहरा बिघडलाय" म्हटलं तर ते आजीच्या चेहऱ्याबद्दल बोलल्यासारखं होईल, असं मला वाटलं. फोटोतलं माणूस आणि फोटो या दोन गोष्टी मीच वेगळ्या केल्या नव्हत्या. डोंगराचा किंवा होडीचा फोटो असता तर मी सरळ बोललो असतो.

आणि "कॉन्ट्रास्ट कमी करून बघ" हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त घातक होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, सरांनी तपासलं, बारीकसा दोष काढला, म्हणजे बाकी ठीक आहे. सरळ स्तुतीवर कुणी एवढा विश्वास ठेवत नाही.

चवथ

तिने कॉन्ट्रास्ट दहा-पंधराने कमी केला, 12 बाय 18 इंचांची प्रिंट काढली, फ्रेम करवली आणि चवथीला, सगळं घर गोळा झालेलं असताना, आजीच्या हातात दिली. आजीने फोटो दूर धरला, जवळ धरला आणि विचारलं, "हात म्हजे. तोंड कोणाचें तें?"

सगळे हसले. आजीही हसली. नंतर मात्र ती आपल्या सुनेला हळूच म्हणाली, "हांव इतली म्हातारी दिसतां गे?" हे मुलीने ऐकलं. फ्रेम कपाटाच्या मागे गेली. मुलगी दोन रविवार आली नाही, आणि मग तो मेसेज आला.

मी फोन केला. म्हटलं, "हो बाय, दिसलं होतं. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. येत्या रविवारी तू एक तास आधी ये. लॅपटॉप आण, मूळ फाइल आण." सबबी सांगितल्या नाहीत. त्या सांगितल्या असत्या तर तिला माझीच समजूत काढत बसावं लागलं असतं.

मूळ फाइल

या प्रकरणात खरं शिकायला मिळालं ते इथे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

तिने रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवले होते, हे नशीब. रंगीत मूळ फोटो उघडला आणि नाकावरची ती सीमा कुठून आली हे एका क्षणात कळलं. पावसाळ्यात गोव्यातल्या निम्म्या घरांच्या पडवीला निळी ताडपत्री लागते, तशी आजीच्या घरालाही लागली होती. उजव्या गालावर ताडपत्रीतून गाळून आलेला निळा उजेड होता. डाव्या गालावर घरातल्या पिवळ्या दिव्याचा. रंगीतमध्ये ते इतकं विचित्र दिसत होतं, की तिने ठरवलं, ब्लॅक अँड व्हाइट करूया म्हणजे रंगाची भानगडच नको.

इथे बरेच जण फसतात. रंग काढून टाकला म्हणून उजेडाचा रंग जात नाही, तो फक्त करड्या छटांमध्ये जाऊन बसतो. कृष्णधवल करताना सॉफ्टवेअर विचारतं, लाल किती उजळ करू, नारिंगी किती, निळा किती. आपली कातडी, सावळी असो की उजळ, मुख्यतः नारिंगी-लाल पट्ट्यात येते. फिल्मच्या काळात चेहऱ्याच्या फोटोला कॅमेऱ्यापुढे पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावायचे, कारण त्याने कातडी थोडी उजळते आणि डाग मावळतात. त्याच्याही आधीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. म्हणून त्या फोटोंमध्ये ओठ काळे आणि चेहऱ्यावरची लाली डागासारखी यायची.

तिने एक प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेल्या बदलांचा तयार संच, लावला होता, नाट्यमय कृष्णधवलचा. त्यात नारिंगी खाली ओढलेला होता आणि क्लॅरिटी खूप वर. पिवळ्या दिव्याचा गाल नारिंगी पट्ट्यातला, तो काळवंडला. निळ्या उजेडाच्या गालात नारिंगी फारसा उरलाच नव्हता, तो होता तिथेच राहिला. मधे, नाकावरून, दोन्ही उजेड जिथे भेटत होते तिथे शिवण पडली. आजीला "तोंड कोणाचें" वाटलं ते त्या शिवणीमुळे. क्लॅरिटीचं काम मधल्या छटांमधला जवळजवळचा फरक वाढवणं. दगडी भिंतीला ते शोभतं. ऐंशीच्या घरातल्या चेहऱ्यावर त्याने प्रत्येक सुरकुतीला एक काळी आणि एक पांढरी कड लावली.

मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. टोपली पडवीच्या कडेला, उघड्या उजेडात होती. चेहरा ताडपत्रीखाली. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या दृश्याची सरासरी मधल्या करड्यावर आणायला बघतं. एवढ्या पांढऱ्या फुलांवर नजर पडल्यावर त्याने एक्स्पोजर खाली आणलं आणि चेहरा अंधारात गेला. मी गालावर ठिपका ठेवून आकडा वाचला. मूळ जेपेगमध्ये सुमारे 50. शून्य म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा या मोजपट्टीवर 18 टक्के करडा, म्हणजे तोच मधला करडा, 118 च्या आसपास येतो, म्हणजे गाल फारच खाली होता. तिने एक्स्पोजर वाढवलं. चेहरा थोडा वर आला, फुलं 255 ला जाऊन आपटली. आणि प्रीसेटने चेहरा परत खाली नेला.

फुलांचं मला फार वाईट वाटलं. जाईच्या कळीला पाठीमागून गुलाबी झाक असते. रंगीत फोटोत ती झाक प्रत्येक कळीला गोलाई देत होती. कृष्णधवलमध्ये तिची एक फिकट करडी सावली झाली असती आणि टोपलीत हजार कळ्या वेगवेगळ्या दिसल्या असत्या. आता तिथे चुना ओतल्यासारखा एक पांढरा डाग होता. मार्दोळच्या घरातल्या मुलीने काढलेल्या फोटोत जाईच हरवली होती.

आणि शेवटचं, जे कुठल्याच सॉफ्टवेअरने सुधारत नाही. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली 18-55 ची लेन्स तिने 18 वर, म्हणजे सगळ्यांत रुंद दृश्य घेणाऱ्या टोकाला, ठेवली होती आणि फुलं, हात, चेहरा सगळं मावावं म्हणून अगदी जवळ गेली होती. हात कॅमेऱ्यापासून सव्वा फुटावर, चेहरा अडीच फुटांवर. अंतर दुप्पट, म्हणून हात चेहऱ्याच्या मानाने दुप्पट मोठे. तसंच नाकाचं कानाच्या मानाने. लोक लेन्सला दोष देतात, पण ही करामत अंतराची. पाच फूट मागे जाऊन लेन्स 55 वर नेली, तर हात आणि चेहऱ्याच्या अंतरातला फरक सव्वापटीच्या आसपास येतो आणि नाक आपल्या जागी बसतं.

काय बोललो, कसं बोललो

हे सगळं मी तिला एका दमात सांगितलं नाही. आधी तिचा फोटो टपाल तिकिटाएवढा लहान केला आणि म्हटलं, "चांगला-वाईट काही म्हणू नकोस. नजर कुठे कुठे जाते तेवढं क्रमाने सांग."

ती म्हणाली, "फुलं. मग हात." थांबली. "मग दोरा. मग... आजी."

"आजी चौथी?"

ती काही बोलली नाही. माझ्या अनुभवात पोर्ट्रेटवर अभिप्राय द्यायला याहून सरळ सुरुवात नाही. नजर उजळाकडे आणि जिथे काळं-पांढरं एकमेकांना भिडतं तिथे आधी जाते, कुणाचीही. हे माझं मत नव्हतं. तिच्या डोळ्यांनी तिला सांगितलं.

मग बोटाने दाखवता येतील एवढ्याच गोष्टी एकेक करून दाखवल्या. ही शिवण बघ, ही इथून आली. हा गाल, हा आकडा. ही टोपली, हिच्यात आता काहीच उरलेलं नाही. हे नाक. प्रत्येक वेळी रंगीत मूळ शेजारी ठेवून. "मला असं वाटतं" हे शब्द मी एकदाच वापरले, कडा काळ्या केल्या होत्या त्याबद्दल. म्हटलं, "हे मला आवडत नाही, पण ती माझी आवड आहे. ते तू ठरव." बोटाने दाखवता येण्यासारखा दोष आणि आपली आवड, या दोन्हींची सरमिसळ झाली की ऐकणारा सगळंच आवड म्हणून सोडून देतो किंवा सगळंच दोष म्हणून गिळतो. दोन्ही वाईट.

हातांबद्दलही बोललो, आणि ते मलम म्हणून नव्हे. बोटं अचूक क्षणी टिपली होती. दोरा ताणलेला, अंगठ्याखाली एक कळी अर्धी आत गेलेली. तो क्षण मला चाळीस वर्षांत किती वेळा हुकलाय. आजीनेही हातच ओळखले होते. म्हणजे या मुलीला बघता येतं आणि थांबता येतं. हे तिला कळणं दोष कळण्याइतकंच गरजेचं होतं, कारण पुढे काय जपायचं ते त्यावरून ठरणार होतं.

तिने विचारलं, "मग आता हा दुरुस्त कसा करू?"

इथे मी एक क्षण अडखळलो. रॉ मधून फुलं थोडी परत आली असती, क्लॅरिटी काढता आली असती, दोन्ही गालांचा उजेड वेगवेगळा समतोल करून शिवण बरीच बुजवता आली असती. दोन तासांचं काम. नाक आणि हात तसेच राहिले असते. म्हटलं, "हा दुरुस्त होणार नाही. तू परत काढ. आजी आहे, जाई आहे, घर आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बोललो नाही, पाणी पुढे केलं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं तर चवथीच्या आधीच परत काढला असता." बरोबर होतं. तीन आठवडे होते.

गोरं करण्याबद्दल

घरी गेल्यावर तिने एक प्रयोग केला आणि रात्री मला पाठवला. नारिंगी पूर्ण वर. आजीचा चेहरा गुळगुळीत, उजळ, सुरकुत्या जवळजवळ गायब. खाली लिहिलं होतं, "आता बरी दिसते ना?"

हा फोटो बघून मी चाळीस वर्षं मागे गेलो. म्हापशाच्या एका स्टुडिओत मी रिटचिंगला बसायचो. उतरत्या टेबलात बसवलेल्या काचेवर निगेटिव्ह, मागून उजेड, हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवर शिसं चढवलं की तेवढी जागा प्रिंटमध्ये उजळ येते. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या, सगळं त्या पेन्सिलीने भरायचं. आणि मुलगी दाखवायचा फोटो असला की बापाची एक विनंती ठरलेली, "मातशें गोरें करात." आम्ही करायचो. त्या मुली फोटो घ्यायला येत, आपलाच चेहरा बघत आणि काही न बोलता पाकीट पर्समध्ये टाकत. ते गप्प राहणं मला आजही आठवतं.

म्हणून तिला लगेच फोन केला. म्हटलं, पहिल्या फोटोत प्रीसेटने आजीला म्हातारी केलं, यात तू तिला गोरी केलीस. दोन्हींत आजी नाही. अन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी 1940 च्या सुमाराला छटांच्या पायऱ्या पाडून दिल्या, त्यात गोऱ्या माणसाची कातडी सहाव्या पायरीवर आणि सावळी पाचव्यावर बसते, म्हणजे बरोबर मधल्या करड्यावर. सावळा चेहरा मधल्या करड्यावर किंवा त्याच्या किंचित खाली ठेवला तर त्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे भरपूर जागा राहते. कपाळावरचा घाम, गालाच्या हाडावरची चमक, डोळ्यांतला ओलावा, सगळं दिसतं. सावळा रंग कृष्णधवलला अडचणीचा आहे हा समज मीसुद्धा बरीच वर्षं बाळगला होता. तो चुकीचा आहे.

तिला गर्द काळं आवडतं, हे मला माहीत होतं. छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता गोव्यात राहायचे. इथल्या कॅथलिक कुटुंबांची कृष्णधवल चित्रं त्यांनी काढली. 2012 साली ते वारले. ती चित्रं तिने पाहिलेली आहेत आणि तिला तसं काढायचं आहे. म्हटलं, परत बघ. काळं आहे, पण चेहरे त्यात बुडालेत का ते बघ.

पडवीत

पुढच्या शनिवारी मी मार्दोळला गेलो. तिने बोलावलं होतं. कॅमेऱ्याला हात लावणार नाही, एवढी अट मी स्वतःला घातली होती.

पाऊस बारीक पडत होता. आजीने आधी चहा दिला. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला परत त्रास देतोय." ती म्हणाली, "त्रास कसलो, हांव बसूनच आसां." त्या घरात बोलणं कोंकणी आणि भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरचा पेपर मराठी, आमच्या सगळ्यांच्या घरांसारखंच.

मुलीच्या वडिलांनी ताडपत्रीच्या एका बाजूची दोरी सोडून ती गुंडाळून वर बांधली. घरातला दिवा बंद केला. आता एकच उजेड राहिला, ढगाळ आभाळाचा, एका बाजूने येणारा, मऊ. आजीला उंबऱ्याच्या आत हातभर सरकवलं. टोपली पडवीच्या कडेवरून उचलून तिच्या पुढ्यात, मांडीला टेकून ठेवली, म्हणजे फुलं आणि चेहरा एकाच उजेडात आले. पांढरं फूल मधल्या करड्यापेक्षा सव्वादोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) आसपास वर बसतं. उजेड एकच असेल तर दोन्ही एका फाइलमध्ये आरामात मावतात.

आणि एक गोष्ट झाली जी मी सांगितली नव्हती, सुचलीही नव्हती. टोपली पुढ्यात आल्यावर त्या कळ्यांवरून उजेड उलटून आजीच्या हनुवटीखाली गेला. गळ्याची काळी सावली विरघळली. मुलगी ते बघून हळूच म्हणाली, "सर, जायो उजेड दितात."

ती पाच-सहा फूट मागे गेली, लेन्स 55 वर नेली. मीटर फक्त गालावर धरला आणि तिथून अर्धा स्टॉप कमी केला. मग वाट बघत बसली. आजी पहिल्या दहा मिनिटांत फोटोसाठी गुंफत होती, नंतर माळ पुरी करण्यासाठी गुंफायला लागली. हा फरक हातांत दिसतो. मान वर करून तिने पावसाकडे बघितलं तेव्हा शटर वाजलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिला दाखवलं. तिने चष्मा पुसून घातला. "आयज नाक बरें आयलां," ती म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली.

दुसरा फोटो आणि त्यावरचं म्हणणं

कृष्णधवल करताना तिने प्रीसेट लावला नाही. आधी रंगीतमध्ये व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा समतोल) जागेवर आणला, मग नारिंगी थोडासा वर, लाल जवळजवळ होता तिथेच, कारण तो वाढवला की कळ्यांची झाक पुसली जाते, हे तिने स्वतः करून पाहिलं होतं. क्लॅरिटी शून्य. गाल 105 च्या आसपास, फुलं 240 च्या आत. सुरकुत्या आहेत, सगळ्या आहेत, पण त्या चेहऱ्याच्या आहेत. डोळ्यांत उघड्या पडवीचा एक लहानसा चौकोन चमकतो.

तो फोटो गटात आला तेव्हा आम्ही नवी रीत लावली. आधी प्रत्येकाने नजर कुठे जाते ते क्रमाने सांगायचं, विशेषण न लावता. दहापैकी आठांनी पहिलं "डोळे" म्हटलं. आता आम्ही प्रत्येक पोर्ट्रेटला असंच करतो, आणि आणखी एक गोष्ट विचारतो, की ज्याचा फोटो आहे त्याला दाखवला का. हे प्रत्येक फोटोला लागू नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला शोधून दाखवता येत नाही, आणि कधी कधी माणसाला स्वतःचा खरा फोटो आवडत नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. पण आजीसारखं माणूस हाताशी असताना त्याला न विचारता दिलेलं मत मला आता अर्धवट वाटतं. त्या पहिल्या रविवारी खोलीतल्या दहा जणांपैकी कुणीच आजीला विचारात घेतलं नव्हतं, मीसुद्धा नाही. चेहरा मात्र तिचाच होता.

फ्रेम तीच वापरली. जुनी प्रिंट काढून 8 बाय 12 ची नवी, मॅट कागदावर, रुंद पांढऱ्या पट्टीसकट बसवली. ती आता देवघराशेजारच्या भिंतीवर आहे.

या फोटोबद्दल माझं एक म्हणणं आहे आणि ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. डाव्या कडेला स्टीलचा एक पेला आलाय. आभाळ त्यात चमकतं आणि नजर तिकडे खेचली जाते. कडेचा बोटभर भाग कापला तर पेला जातो आणि बाकी काही बिघडत नाही. तिने नीट ऐकून घेतलं, कापूनही पाहिलं, आणि म्हणाली, "नको सर. आजी चहा त्याच पेल्यातून पिते." पेला फोटोत आहे.